ओकुदासानचे गठ्ठे

ओकुदासान खराट्याने चित्रं काढायचे. अंगण झाडायचा बांबूचा खराटा रंगाच्या बादलीत बुचकळायचा आणि जमिनीवर अंथरलेल्या कापडावर सपासप मारायचा. ऐंशी ओलांडलेला हा माणूस ओसाकात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा, आणि त्यांच्याइतका संताप मला आयुष्यात कुणी आणलेला नाही.

युद्धानंतर, तरुणपणी, त्यांनी मित्रांबरोबर अशी कितीतरी चित्रं केली. लोक हसले. प्रदर्शन संपलं की ठेवायला जागा नाही म्हणून ही मंडळी ती जाळून टाकायची! त्या काळातलं एकच उरलं होतं, काळं-लाल, भिंतभर.

"हे काय आहे?" मी विचारलं होतं.

"बुधवार."

"म्हणजे?"

"त्या दिवशी बुधवार होता."

घ्या! अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

२०११च्या भूकंप-त्सुनामीच्या पुढच्या वर्षी एका परदेशी संग्रहालयाला अचानक त्यांची आठवण झाली. बोलणं इंग्रजीतून, म्हणून दुभाषी मी. तिथल्या बाई पुढच्या आठवड्यात येऊन चित्र नेणार असं ठरलं. इतक्या वर्षांनी का होईना, माणसाचं चीज होणार! मी आनंदाने शिरा करून नेला. म्हणाले, "गोड जरा जास्त झालाय."

दोन दिवसांनी सकाळी कचरा टाकायला उतरले, तर सुतळीने बांधलेले कापडाचे गठ्ठे. काळे-लाल. सगळे तुकडे एकसारखे कापलेले. शेजारी लाकडी चौकट, तिच्यावर मोठा कचरा न्यायचे पैसे भरल्याचं स्टिकर नियमाप्रमाणे चिकटवलेलं. मी तशीच त्यांच्या दारात.

"अहो ओकुदासान, काय करून बसलात हे!"

"बहिणीचं घर त्सुनामीत गेलं. तिचं सामान चिखलातून परक्या माणसांनी उपसलं. माझ्यामागे कुणाला त्रास नको."

"पण त्या बाई न्यायला येणार होत्या ना!"

"चित्र बुधवारीच झालं. उरतो तो कचरा." आणि वर मलाच विचारतात, "जाळायच्या कचऱ्यात ठेवलंय. बरोबर ना?"

बरोबर! कपाळ माझं! खाली धावले, तोवर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आलीच. एक तुकडा कसाबसा ओढून घेतला. संग्रहालयाच्या बाईंना फोनवर सांगताना मला रडू फुटलं.

तो तुकडा मी फ्रेम करून हॉलमध्ये लावला. महिन्याभराने ओकुदासान चहाला आले. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग उठले, फ्रेम उतरवली, खालची बाजू वर केली, पुन्हा टांगली. मागे सरकून पाहिलं, परत जाऊन एक कोपरा किंचित वर केला.

"आता बरोबर."

"कचऱ्याला काय हो उलटं नि सुलटं?" मी फटकारलंच.

त्यांनी कप उचलून घोट घेतला. "चहा छान झालाय," म्हणाले.

त्याच हिवाळ्यात गेले. घर आवरायला कुणाला काही उरलंच नव्हतं, दाराआड खराटा तेवढा होता.

आता आम्ही पुण्यात असतो. तुकडा भिंतीवर आहे, त्यांनी लावला तसाच. पुसतानाही कुणाला हात लावू देत नाही. आणि पाहिला की अजून डोकं फिरतं माझं. वरची बाजू कुठली ते इतक्या वर्षांनीही ठाऊक होतं, तर कापलंत कशाला हो?