डॉक्टरांच्या वडिलांचे दात

आमच्या दवाखान्यातली कचऱ्याची बादली रोज रिकामी होते, माझं डोकं काही होत न्हाई. पेशंट जाताना एखादा किस्सा काउंटरवर टाकूनच जातो. मस्तगडला दातांच्या दवाखान्यात बसून बसून केस पांढरे झाले, तरी थकलो नव्हतो. डॉक्टरसाहेबांनी इम्प्लांट सुरू केलं अन् थकलो!

रोज तेच पुराण. कवळी काढायची-घालायची, इम्प्लांट पक्कं. जबड्याच्या हाडात स्क्रू, हाडानं तो धरला की वर दात. लोक मान डोलावतात आणि डॉक्टरांना विचारतात, "तुमच्या वडिलांना बसवले का?"

कारण समोरच्या बाकावर वडील बसलेले! दादा, पाटबंधारे खात्यातून रिटायर. मोठ्यानं पेपर वाचतात अन् दर ओळीला कवळी टक् वाजते. टक् झालं की पेशंट उठला!

"दादा, एकदा बसवून घ्या. लोक तुमच्या तोंडाकडं बघून पळून राह्यले," डॉक्टर हात जोडायचे. मशीन आणून ठेवलेली, आणि एक माणूस तयार होईना.

"माझं तोंड काय तुझ्या दवाखान्याची पाटी आहे?" दादा म्हणायचे. टक्!

*

बियाण्यांचे व्यापारी असलेले एक शेटजी मात्र जवळजवळ तयार झाल्ते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड कमी आहे. थोडं भरावं लागेल."

शेटजी गळ्यातल्या रुमालासकट खुर्चीतून उठले. "हड्डी? किसकी हड्डी?"

जैन माणूस! डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं, जनावराचं न्हाई, कारखान्यातलं मिळतं. शेटजी परत टेकले. "बराबर. पण घरी हाड म्हणू नका. सिमेंट म्हणा."

दुसऱ्या दिवशी शेटाणीबाईंचा फोन. "भैया, सिमेंट भरल्यावर पाणी किती दिवस मारायचं?"

*

त्याच शेटाणीबाईंना मी म्हटलं, तुमचीही कवळीच आहे, तुम्ही तरी बसवा.

"ना रे बाबा! सूरज डुबला की आमचं खाणं बंद. मी कवळी वाटीत टाकते, म्हणजे सुना शेव-चिवडा समोर आणत न्हाईत. पक्के दात बसले तर मला आवरणार कोण?"

यावर इम्प्लांट कंपनीच्या पुस्तिकेत उत्तर न्हाई. मी पाहिलं.

शेटजीही मग म्हणाले, "पहले आपके पिताजी." झालं!

*

जाफराबादहून एक शेतकरी आल्ता. सगळं नीट ऐकलं. स्क्रूवर दात कधी, विचारलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने.

"एवढ्यात सोयाबीन निघून बाजारात जातं, साहेब!"

"हाडाला वेळ लागतो, बाबा."

"मंग पेरून तुम्ही घ्या, आम्ही काढणीला येतो."

*

दादांचं मन वळलं ते अंबडच्या एका लग्नात. पंगतीत जोराची शिंक आली अन् कवळी थेट पत्रावळीवर! उचलणार तेवढ्यात वाढपी आला. लगबगीत त्यानं वर दोन डाव बुंदी घातली. दादा व्याह्यांच्या समोर बुंदी उकरून राह्यले, अन् व्याही प्रेमानं ओरडताहेत, "दादांना बुंदी आवडली रे, अजून वाढा!"

दुसऱ्या दिवशी दादा खुर्चीत आडवे झाले. "ठोक."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी स्क्रू ठोकले. चार महिन्यांनी अख्खे खालचे-वरचे दात बसवले. काम असं झालं, की दादा बाकावर बसून फुटाणे फोडायला लागले. "आता विचारू द्या कोणालाही," डॉक्टर मला म्हणाले.

*

अन् विचारलं! अंतरवाली सराटीहून एक म्हातारबाबा सुनेला घेऊन आल्ते. तोंडात एकही दात न्हाई. इम्प्लांटचं सगळं ऐकून म्हणाले, "तुमच्या घरच्या कोणाला बसवले का?"

डॉक्टर याच प्रश्नासाठी थांबले होते. बाबांना हाताला धरून बाकापाशी आणलं. "हे माझे वडील. दादा, हसा!"

दादा हसले. बाबांनी चष्मा लावला, वाकून वाकून पाहिलं.

"काढून दाखवा."

"निघत न्हाईत, बाबा! तीच तर गंमत आहे," डॉक्टर म्हणाले. दादांनी स्वतः ओढून दाखवले. हलले न्हाईत.

बाबांनी चष्मा काढला, शांतपणे खिशात ठेवला.

"चल गं सूनबाई. सोत्ताच्या बापाचा एक दात पडू दिला न्हाई यानं, अन् आपल्याला स्क्रू ठोकून राह्यला!"