सह्याद्रीच्या वाघाचं जायफळ
जायफळ किसलं की आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतला तो गणपती आठवतो. मराठी मंडळाचे एक बडे पदाधिकारी आमच्याकडे जेवायला आले. ‘वहिनी, माझ्या मोदकांत जायफळ घाला,’ अशी आधीच फर्माईश होती, म्हणून त्यांचे मोदक वेगळे केले. ‘अप्रतिम!’ म्हणत चापले. दुसऱ्या दिवशी, मला जिथून मोदकांच्या ऑर्डरी मिळतात त्याच फेसबुक ग्रुपवर कुणी ‘सह्याद्रीचा वाघ’ या टोपणनावाने गरजला, ‘या बाईंच्या मोदकांत नुसतं जायफळ!’ जायफळ तर एकाच ताटात होतं. संध्याकाळी मंडळाच्या आरतीला सगळ्यांसमोर मी त्या पदाधिकाऱ्यांपुढे प्रसाद धरला, ‘घ्या वाघोबा, आज जायफळ नाही.’ ‘यल्ला, निघतो,’ पुटपुटत वाघ चपला शोधायला पळाला. अजूनही मी त्यांना वाघोबाच म्हणते. ज्या नावाने दोन ओळी लिहायची त्यांची छाती झाली नाही, ते नाव मी कशाला घेऊ?