पहिली खूण माझी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. जुन्या संगणकाचा पंखा तापून धुळीचा वास सुटला, की बीडच्या नेटकॅफेतली ती दुपार आठवते. मी शिकवायचो त्या शाळेतल्याच एका सरांनी वर्षभर खपून धर्मापुरीच्या देवळातल्या मूर्तींवर इंटरनेटवर एक पान लिहिलं होतं. आवडलेली पानं सगळ्यांसमोर साठवायची आणि शोधणाऱ्याला सोपं जावं म्हणून त्यांना खुणेचे शब्द जोडायचे, अशी एक साइट तेव्हा नव्यानं आली होती. त्या दुपारी मी हेव्यापोटी, खोट्या नावानं, सरांच्या पानाला ‘चोरलेलं’ हा शब्द जोडला. साइट आधीचाच शब्द पुढच्याला सुचवायची आणि पुढची मेंढरं तोच दाबायची; पान उघडून बघायची तसदी कोण घेतो. याला म्हणे लोकांचं शहाणपण म्हणायचं. पंधरवड्यात सरांनी पान काढून टाकलं. “कावून काढलं, सर?” मी साळसूदपणे विचारलं. “वाचलं कुणीच न्हाई, पण चोर समद्यांनी ठरवलं,” ते म्हणाले. “तुमी तरी वाचलतं का?” मी हो म्हणालो. मीही वाचलं नव्हतं. सर आता निवृत्त होऊन गावातच राहतात. पहिला शब्द माझा होता, हे त्यांना सांगायचं अजून माझ्याकडे बाकी आहे.