मरोळच्या टेकडीवरचं लाल ब्लँकेट

पन्नासच्या दशकात माझी बदली अंधेरीला झाली. बॉम्बे पोस्टिंग म्हटल्यावर युनिटमधले सगळे जळले. मिळालं काय, तर मरोळच्या गावठाणामागची एक टेकडी, दोन तंबू, एक वायरलेस सेट, एरियलचा एक उंच खांब, म्हणजे मास्ट, आणि सुभेदारसाहेब धरून आम्ही सहा जण. मी सिग्नल्सचा नाईक. सेटवर माझ्या जोडीला लान्सनाईक भिकू जगताप. माणदेशातला गडी, तोंडाने फटकळ, पण दुसऱ्यासाठी आधी धावणारा.

रोज सकाळी हवामानाचा रिपोर्ट यायचा. आम्हाला त्याचं काय? परेड ऊन असो, पाऊस असो, व्हायचीच. पण टेकडीखालच्या लोकांना तो हवा होता. गावठाणातली माणसं ख्रिस्ती, बोली मराठी, पोट भातशेतीवर. पेपरात अंदाज छापून यायचा, पण पेपरातली मुंबई म्हणजे कुलाबा. तिकडे ऊन आणि इकडे धो धो, हे नेहमीचंच. म्हणून रोझाबाई नावाची एक विधवा बाई शेळ्या घेऊन वर यायची आणि तारेच्या कुंपणापलीकडून ओरडायची, “ओ पलटनवाले, आज पानी हाय का नाय?”

रिपोर्ट बाहेर सांगायला मनाई होती. जगतापने वाट काढली. पाऊस असेल तर मास्टच्या दोरीवर फर्स्ट एडचं लाल ब्लँकेट, नसेल तर पांढरी चादर. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी वर पाहिलं.

“हे काय?”

“ब्लँकेटला ऊन देतोय, साहेब.”

“पाऊस येणार त्या दिवशी?”

“व्हय, साहेब.”

साहेब मिशीत हसले आणि तंबूत गेले. मग काय, अख्खं गावठाण मान वर करून चालायला लागलं. लग्नाचा मांडव, वाळत घातलेल्या मिरच्या, कुणाच्या घराची कौलं, सगळं मास्ट बघून ठरायचं. जगतापला मात्र नवल वाटायचं. “आमच्याकडं पावसासाठी देव पाण्यात ठेवत्यात, आन् हितं पाऊस नको म्हणून हात जोडत्यात!”

ऑक्टोबर आला. भात कापलं की दोन-तीन दिवस शेतातच वाळवायचं, अशी तिथली रीत. त्यात भिजलं तर दाण्याला कोंब फुटतात आणि वर्षाचं खाणं गेलं. रोझाबाईची कणगी तर आधीच रिकामी होती. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. आठवडाभर मास्टकडे बघून ती थांबली होती. एका सकाळी रिपोर्ट आला, हवा कोरडी. जगतापने चादर चढवली. दुपारपर्यंत तिचं सगळं भात आडवं झालं.

तीनच्या सुमारास जगतापने हेडफोन माझ्या कानाला लावला. नुसती खरखर. वीज जवळ असली की सेट असाच खरखरतो, हे प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक. पवईच्या बाजूला आभाळ काळवंडत होतं. आम्ही साहेबांकडे गेलो.

“रिपोर्टमध्ये आहे?”

“नाही, साहेब. कानात आहे.”

साहेबांनी स्वतः हेडफोन लावून ऐकलं. म्हणाले, “ब्लँकेट चढवा.”

ब्लँकेट चढलं, पण बघतो कोण? सकाळी चादर पाहून सगळे खाली मान घालून कामाला लागलेले. जगताप बेचैन झाला. “साहेब, ती आपल्या चादरीवर इसंबून कापतीय.”

“सेट मी बघतो. बाकी सगळे खाली. डबल!”

आम्ही पाच जण धावलो. जगताप पुढे, शिट्टी फुंकत. भारे बांधले, डोक्यावर घेतले, रोझाबाईच्या ओटीवर, चुलीपाशी, तिच्या खाटेवरसुद्धा रचले. शेवटचे चार भारे भिजले. बाकी वाचलं. जगताप दारात निथळत उभा होता आणि लहान पोरासारखा हसत होता. तेवढा खूश तो मला पुन्हा कधी दिसला नाही. पुढच्या रविवारी आगेरा होता, म्हणजे नव्या भाताची कणसं देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण. रोझाबाईने एक जुडी जगतापच्या नावाने नेली.

दोन वर्षांनी त्याची बदली उत्तरेला, बर्फातल्या एका चौकीवर झाली. जाताना म्हणाला, “नाईक, ब्लँकेट सांभाळा. बाई शिव्या देईल.”

एप्रिलमध्ये एका सकाळी मी सेटवर होतो. आधी हवामान आलं. कोरडं. मग दुसरा मेसेज. उत्तरेतल्या त्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता. लान्सनाईक भिकू जगताप, मृत. मी ‘से अगेन’ पाठवलं. तेच शब्द पुन्हा आले. मी सही करून कागद साहेबांना दिला. बाहेर आलो. मी लाल ब्लँकेट काढलं आणि मास्टच्या अर्ध्यावर चढवलं. साहेब बघत होते. 

खाली एकच धावपळ उडाली. दिवस मसाल्याचे होते, अंगणाअंगणात चटयांवर मिरच्या पसरलेल्या. बायकांनी भराभर चटया आत ओढल्या. थोड्या वेळाने रोझाबाई धापा टाकत कुंपणापाशी आली.

“काय रे, डोकं फिरलं काय तुझं? आभाळात ढग नाय नि लाल लावलंस? आनि ते अर्ध्यावरच का?”

“रोझाबाई, जगताप गेला.”

तिने मास्टकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि खाली गेली. ऊन दिवसभर कडक होतं. पण त्या दिवशी गावठाणात कुणीही मिरच्या परत बाहेर घातल्या नाहीत.