पुण्याचं जहाज, देवबागचा आवाज

मालवणचा पोरगा आठवणी लिहायला बसला की वाचणारे सरसावून बसतात. आता समुद्र येणार, होडी येणार, वादळ येणार. येणार ना. होडी सोडा, अख्खं जहाज येणार आणि खडकावर आपटणारसुद्धा. पण कोणी भिजणार नाही. कारण हे सगळं मालवणच्या स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत झालं, पंख्याखाली.

ते दोन हजार नऊ साल असेल. समुद्रातल्या जहाजांचा एक ऑनलाइन खेळ होता. एका जहाजावर पाच जण, कोणी पुण्यात, कोणी नाशकात. आमच्या जहाजाचं सुकाणू जवळच्याच देवबाग गावातल्या माझ्या मैतराकडे. मैतर खरीखुरी होडी चालवायचा, पण कीबोर्डावर एक अक्षर सापडेपर्यंत त्याची दोन जहाजं बुडलेली असायची. मग कॅफेवाल्याने पणजीहून गेमचा कंट्रोलर आणला, आणि माइकवाले हेडफोन. टायपिंग बंद, सगळं बोलून.

कंट्रोलर मैतराच्या हातात असा बसला की बघत राहावं. माइक मात्र समोर आला की हा मुका. त्यांच्या होडीवर बोलायचं काम बापसाचं. बापूस पुढे नाळीवर, होडीच्या टोकाला उभा राहून पाणी बघणार आणि ओरडणार, हा मागे सुकाणू धरून फिरवणार. मान वर करून बघायचं नाही, ऐकलं की हात फिरला पाहिजे.

"तोंड तुजा, हात माझे," तो मला म्हणाला. "पुण्यावाल्यांसमोर माका बोलूक येणा नाय."

मला काय, तेवढंच हवं होतं. मी आमच्या बँकेतल्या साहेबाचा आवाज काढला. "नमस्कार, आपण अगदी निश्चिंत असा." जहाजाचा पुण्याचा कॅप्टन मला सर म्हणायला लागला. मैतर पोट धरून हसायचा, पण अंगठे बरोबर चालायचे. शेवटी कॅप्टन म्हणाला, "रविवारची फेरी नीट काढलीत तर सुकाणू कायमचं तुमचं."

मैतराने त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॅमेरा नव्हता, तरी.

फेरी चांगली चालली होती. शेवटी दोन खडकांमधली चिंचोळी वाट आली. कॅप्टन सांगत होता, "डावीकडे, हळू, डावीकडे." मैतर घामाघूम. आणि माझी जीभ वळवळली. त्याला जरा हसवावं म्हणून मी त्याच्या बापसाचा आवाज काढला. तोच खरखरीत, विडीवाला.

"उजव्याक मार रे झिला."

अंगठा उजवीकडे गेलासुद्धा. त्याला कळायच्या आत जहाज खडकावर.

मग कॅप्टन म्हणाला, "मध्येच हे कोण आजोबा बोलले?" आणि मग, "राहू दे सर. आम्ही दुसरा माणूस बघतो."

मैतराने कंट्रोलर टेबलावर हळूच ठेवला आणि मोटरसायकल काढून गेला. मला एक शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी समजूत काढायला देवबागेत गेलो. मैतर घरात, दार लोटलेलं. बापूस बाहेर वाळूत जाळं शिवत बसलेला. मी पण शेजारी बसलो आणि उगाच जाळ्याची एक कड हातात घेऊन गाठी मारायला लागलो.

"काल माझी होडी खडपार घातलंस म्हणे," बापूस म्हणाला.

"काका, ता खेळातला जहाज."

"आवाज खेळातलो होतो?"

मी मान खाली घालून जाळ्याला आणखी एक गाठ मारली.

"माझी नक्कल तू करतंस ती माका म्हायत आसा. खोकणा घे, चालणा घे, काय होया ता घे. पण मी उजव्याक म्हटलंय तर उजव्याक पाणी असता. तो मागे बसान डोळे झाकून फिरयता, ता त्याच्याच भरोशार. उद्या मी खरा ओरडलंय आणि त्याचो हात थांबलो तर?"

'माझी होडी' ऐकून मला आलेलं हसू कुठे गेलं कळलं नाही.

"आता ऊठ. त्या पुण्यावाल्याक सांग, 'हात चुकूक नाय, माझा तोंड चुकला.' तुझ्या सोताच्या आवाजात सांग. साहेबाच्या नको, माझ्या तर नकोच."

"सांगतंय."

"आणि ता जाळा सोड आधी. कवापासून बघतंय, गाठी उलट्यो मारतंस."