दुखवट्याच्या मांडवातला माईक

आमच्याकडं आता माणूस गेला की मांडववाल्याला फोन जातो, आणि ताडपत्रीच्या आधी विचारलं जातं, "माईक हाय ना रं?"

पूर्वी लोक दुखवट्याला यायचे आणि बसायचे. नुसते बसायचे. कुणी तंबाखू मळायचा, कुणी काडीनं जमिनीवर रेघोट्या ओढायचा, मधेच कुणी तरी "लय वाईट झालं" म्हणायचा आणि बाकीचे माना हलवायचे. एवढ्यात सगळं येऊन जायचं. आता भाषणं होतात. मेलेला माणूस एका वाक्यात उरकतो आणि पुढची पंधरा मिनिटं बोलणारा स्वतःवर बोलतो. त्यानं मंजूर केलेला रस्ता, त्यानं पाडलेला विरोधक, त्याचं वरपर्यंतचं वजन. प्रेताची राख थंड झालेली नसते आणि याचा प्रचार तापलेला असतो. संताप होतो नुसता!

आणि गंमत बघा, तो माईक धरणारा माणूस मीच. पेशानं शाळामास्तर, आवाज भरदार, कुठं थांबायचं आणि कुठं गळा भरून आणायचा याची उत्तम जाण. सेलूपासून देवगाव फाट्यापर्यंत कुणीही जावो, सूत्रसंचालनाला मी. 'श्रद्धांजलीपर मनोगत' हा शब्द आमच्या पट्ट्यात मीच आणला. माझी जीभ झडायला पाहिजे होती.

हे खूळ कुणालाच आवडत नाही, हे मी छातीठोक सांगतो. पारावर बसून सगळे शिव्या देतात. पण ज्याच्या घरी मयत होते तो दुसऱ्या दिवशी मला हळूच बाजूला घेतो. "मास्तर, आपल्या बापाला चार मोठी माणसं बोलली पायजेत बरं का. शेजारच्यांकडं लय जण बोलले हुते." म्हणजे दुःख किती, हे आता कोण बोललं यावरून ठरतं. कुणीच बोललं नाही तर लोक म्हणतील, याला विचारत कोण होतं? ही भीती. आणि बोलणाऱ्यांची तऱ्हा अशी, की एकदा एका पुढाऱ्याच्या विरोधकाचं नाव मी आधी पुकारलं, तर हा भरल्या ताटावरून उठून गेला. मयत त्याच्या सख्ख्या आत्याची होती.

माझा राग दुप्पट आहे, कारण आम्ही बौद्ध. माझ्या आज्याला गावात चार लोकांपुढं मान वर करून बोलायची सोय नव्हती. आमच्या हातात माईक आला तो काही सहज आलेला नाही. आणि आला तर आम्ही काय केलं? साहेबांच्या हातात दिला.

गेल्या हिवाळ्यात माझी चुलत वहिनी गेली. संधिवातानं तिच्या हातांची बोटं आत वळली होती. आमच्यात मयतानंतर जलदानविधी असतो, म्हणजे वंदना, श्रद्धांजली आणि मग जेवणं. त्या दिवशी सकाळी मी बोलणाऱ्यांची यादी करत बसलो होतो, तर वहिनीची मुलगी, माझी पुतणी आली. परभणीला दवाखान्यात नर्स आहे ती.

"काका, मला दोन मिन्टं बोलायचंय."

"बोल की. तू न्हाई तर कोण बोलणार?"

"आईनं सांगून ठेवलंय. दहा वर्षं झाली, आमच्या घरी भाकरी बाबाच थापायलेत. दार लावून. लोक हसतील म्हणून. आई म्हणायची, मी गेल्यावर लोक माझ्याच हाताचं कवतिक करतील, तवा तू चार माणसांत सांग खरं काय ते." मग तिनं माझ्या हातातल्या यादीकडं बघितलं. "आणि ही माणसं परत एका जागी बसणार न्हाईत, काका. आजच सांगायला पायजे."

मी यादीत तिचं नाव लिहिलं. सगळ्यात वर.

वंदना झाली, मी माईक हातात घेतला, आणि मांडवात पांढऱ्या कपड्यांतल्या पुढाऱ्यांची पहिली टोळी शिरली. चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीत पदं इतकी, की नाव शोधावं लागत होतं. पुतणी बायकांच्या बाजूला कडेला उभी होती. मी तिला हातानंच म्हटलं, थांब.

पहिला नेता उठला. "या माउलीच्या हातची भाकर मी खाल्ली आहे!"

मी चुलतभावाकडं, वहिनीच्या नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

दुसरा उठला. तो मागं कसा राहील? त्यानं भाकरीवर ठेचा घातला. माझी पुतणी एक पाऊल पुढं आली. मी पुन्हा हात वर केला, थांब. तिसऱ्यानं कमालच केली. आंबाड्याची भाजी, वर कच्चं तेल, आणि "नको नको म्हणत असताना वहिनीनं अजून एक चतकोर वाढली!" असं म्हणून त्यानं रुमालानं डोळे पुसले. या घराचा उंबरा त्यानं कधी बघितला नव्हता. डोळे मात्र खरोखर ओले होते, हे मी कबूल करतो. कलाकार माणूस! त्याच्यानंतर मोठ्या साहेबांच्या नावाची चिठ्ठी आली आणि मी तिसऱ्यांदा हात वर केला. माझ्याच पुतणीला, तिच्या आईच्या मांडवात.

तेवढ्यात भात उतरला. वास सुटला, लोक चुळबुळायला लागले, मागचे चपला शोधायला उठले. आणि एक कार्यकर्ता माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, आवरू नका. मोठे साहेब फाट्यावर आलेत." तासभर ते फाट्यावरच होते.

मग माझं डोकं फिरलं. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि ठेवणीतला आवाज काढला. "बसून घ्या! ज्यांची आपण इतका वेळ वाट पाहत होतो, त्यांचं आगमन झालेलं आहे!" चपला घातलेले परत बसले. कार्यकर्ते रस्त्याकडं पळाले. "त्यांनी दोन शब्द बोलावेत!" आणि मी माईक पुतणीच्या हातात दिला.

"मला कुणाला खोटं पाडायचं न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्या आईच्या हातानं दहा वर्षांत परातीत पीठ भिजवलं न्हाई. भाकरी माझे बाबा थापायचे. तिचं डोकं पण तेच विंचरायचे. तिनं सांगितलं हुतं, सांग म्हणून. सांगितलं."

मागून कुणी तरी खुसखुसलं, "आरं, गडी माणूस भाकरी थापतो व्हय!"

बायकांतून एका म्हातारीनं तिथल्या तिथं विचारलं, "मग? तुझ्या हाताला काय लकवा मारलाय का रं भाड्या?"

तिसऱ्या नेत्याला त्याच वेळी महत्त्वाचा फोन आला.

आणि खरे साहेब आले! कार्यकर्ता माझी बाही ओढायला लागला. "मास्तर, साहेब उभे हायत. तिच्याकडून माईक घ्या."

"उभे कशाला? सतरंजी हाय की."

पण माईक घ्यायला माझा भाऊ उठला. जन्मात कधी न बोललेला माणूस. त्यानं माईक दोन्ही हातांनी परातीसारखा धरला. "पयल्या-पयल्यानं लय करपायची," तो म्हणाला. "ती म्हणायची, चांगली झाली." मग, "चला. जेवून घ्या सगळे."

घरधन्यानं सांगितल्यावर कोण बसतंय? मांडव उठला. साहेबांनी माईक हातात घेऊन टकटक करून पाहिला. तोवर मी माईकच्या मशिनीची वायर काढली होती.

ते तिघं आणि साहेब, चौघंही आता मला रामराम घालत नाहीत, की जयभीम. मला त्याचं अतोनात सुख आहे. पण संध्याकाळी गाडीला निघताना पुतणी म्हणाली, "काका, अजून एकदा हात वर केला असता ना, तर मी माईक हिसकावणार हुते."

ती हसत नव्हती. आणि मी, ज्याला कुठल्याही प्रसंगाला वाक्य सुचतं, तिची बॅग उचलून चालायला लागलो.