बांधावरची भाषा

"यंदा गट तुमच्या दारात भरणार," अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या आणि त्या नेमक्या कुणाशी बोलतायत म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"माझ्या दारात?"

"तुमच्याच. लीडर माता तुम्ही."

माझ्या हातात कोंबड्यांच्या खाद्याचं रिकामं पोतं होतं. ते मी छातीशी धरून तशीच उभी राहिले. फाल्गुन लागला होता, शेडमागच्या निंबाला नवी पालवी फुटली होती, आणि मी सहावीतून शाळा सोडलेली बाई गटाची पुढारीण झाले होते.

गट म्हणजे आयांचा. जूनमध्ये पहिलीत जाणारी जी पोरं असतात, त्यांच्या आया आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी दारात जमतात. फोनवर एक व्हिडिओ येतो. त्यात दाखवतात तसं पोरांकडून करून घ्यायचं. हरभरे एकीकडं, ज्वारीचे दाणे एकीकडं करायचे. फक्कीनं गोल, चौकोन काढून त्यात उड्या मारायच्या. आणि वर्ष संपताना शाळेत मेळावा, तिथं पोरांनी काय काय येतं ते दाखवायचं. हे सगळं ज्या बाईनं जमवायचं ती लीडर माता.

आम्ही इथले नाही. माझं माहेर, सासर दोन्ही गोंदियाकडं, भाताच्या मुलखात. तिथं रोवणीच्या दिवसांत आई बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरायची आणि मी धाकट्या भावाला सांभाळायची, त्यातच माझी शाळा गेली. नवऱ्याला सोनईजवळ पोल्ट्रीच्या शेडवर काम मिळालं तेव्हा आम्ही इतक्या लांब आलो. शेडला लागून एक खोली मिळाली. वस्तीवर आम्हाला 'शेडवाले' म्हणतात. रागानं नाही, ओळख म्हणून.

"ताई, मला नीट वाचता येत नाही मोठ्यानं. चार बायका हसतील."

"वाचायचं नाहीच. बघायचं आणि करायचं." मग ताईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, वरच्या वस्तीची बाई खालच्या वस्तीच्या अंगणात पाय ठेवत नाही. खालची वरच्या. माझी दोन वर्षं गट भरवण्यात गेली आणि गट भरला नाही. तुम्ही कुणाच्याच नाही. तुमच्या दारात सगळ्या येतील."

म्हणजे माझी हुशारी वगैरे नव्हती. मी परकी होते, म्हणून निवड. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. परकेपणाचा कुणाला उपयोग होतो, हेच मला नवीन होतं.

वरची वस्ती आणि खालची वस्ती म्हणजे एकच भावकी. आडनाव एक, देव एक, मध्ये एक बांध. तो बांध आमच्या शेडच्या बाजूनंच जातो. वरच्या काकू आणि खालच्या काकू एकमेकींच्या चुलत जावा, दोघींच्या सुना कांदे काढायला शेतात, म्हणून नातवंडांना घेऊन गटाला या दोघीच यायच्या. वरच्या काकू निंबाखाली बसायच्या, खालच्या काकू पाण्याच्या टाकीला टेकून. मधल्या जागेत पोरं. मी मधोमध फोन धरून उभी. एक सूचना मला दोनदा सांगावी लागायची, एकदा निंबाकडं तोंड करून, एकदा टाकीकडं.

पण माझी खरी धास्ती गटाची नव्हती. माझी पोरगी बोलत नव्हती.

खोलीत तिचं तोंड बंद होत नसे. कोंबड्यांशी बोले, भांड्यांशी बोले. उंबरा ओलांडला की गप्प. वर्षभर अंगणवाडीत गेली, खिचडी खाल्ली, गाण्याला हात हलवले, पण शब्द काढला नाही. ताई म्हणायच्या, "बोलेल हो." वरच्या काकू म्हणायच्या, "बाई, पोरगी मुकी हाय का तुझी? डॉक्टरला तरी दाव."

"घरी बोलते, काकू."

"घरी तर आमचा रेडिओ पन बोलतो."

सगळ्या हसल्या, टाकीकडच्यासुद्धा. त्या दोन बाजू एकत्र हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

त्यातच एकीनं सांगितलं, मेळाव्यात चित्र दाखवतात आणि त्यावर गोष्ट सांगायला लावतात. जे पोर बोललं नाही त्याला पहिलीत घेत नाहीत, परत एक वर्ष अंगणवाडीत. शाळा एकदा मागं पडली की कशी सुटते ते मी पाहिलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही कुठं असू याचा तरी कुठं भरवसा होता? शेड बंद झालं तर दुसरं शेड, दुसरा तालुका.

मग मी तिच्या मागं लागले. भाकरी थापताना, केस विंचरताना. "हे काय आहे? सांग. मोठ्यानं सांग. असं सांग की बाहेर ऐकू जाईल." ती माझ्याकडं बघायची आणि ओठ आत ओढून घ्यायची. घरातलं बोलणंही कमी झालं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "तू काहून भितेस व एवढी? पोरगी बोलन ना मंग." आई लांब होती, तिला म्हणायला काय जातं.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्याला व्हिडिओ आला: ओल्या मातीचं शेत करा. मला हायसं वाटलं, यात बोलायचं काही नव्हतं. मी दोन घमेली माती भिजवली. पोरांनी वाफे केले, बाटलीच्या झाकणाची विहीर केली, काड्यांचा ऊस लावला. माझी पोरगी मन लावून मातीची एक लांब वळी करत होती. ती तिनं शेताच्या मधोमध घातली, बोटांनी थापून नीट केली. तेवढ्यात वरच्या काकूंचा नातू आणि खालच्या काकूंची नात दोघांनी मिळून ती वळी जरा सरकवली, ट्रॅक्टरला वाट पाहिजे म्हणून.

माझी पोरगी उठली. फ्रॉकचं टोक कमरेला खोचलं. एक हात कमरेवर, एक हात वर.

"बांधाला हात लावशील तर हात मोडून गळ्यात बांधीन! लई माजलात व्हय रं? तुमच्या बापाची जिमीन हाय का? निघा हितून!"

आणि शेवटी मान एकीकडं वळवून मिश्रीची पिंक टाकल्यासारखी थुंकली.

वरच्या काकू. हुबेहूब. आवाजाचा चढ तोच, हात तोच, थुंकणं तेच. रोज सकाळी शेडच्या कडेला बांधावर दोघी काकूंचं जे भांडण चालायचं ते माझी पोरगी पायरीवर बसून ऐकत होती. मला वाटायचं, कोंबड्या बघत बसलीय.

आधी मला कळलंच नाही की ती बोललीय. मग कळलं, आणि मग काय बोललीय ते कळलं. वर्षभर ज्या आवाजासाठी मी देव पाण्यात घातले होते, तो आवाज आला होता आणि मला तो परत तिच्या घशात घालावासा वाटत होता.

टाकीकडून खालच्या काकू म्हणाल्या, "घ्या! परदेशी लेकरं सुदिक शिकली तुमच्यापाशी."

वरच्या काकूंचं तोंड लालबुंद झालं. मला वाटलं आता त्या माझ्यावर येणार. पण त्यांनी नातवाच्या दंडाला धरून उठवलं, चपला पायात न घालता हातातच घेतल्या आणि चालू लागल्या. त्यांच्या मागं निंबाखालच्या सगळ्या. थोड्या वेळानं टाकीकडच्याही गेल्या, कारण समोर कुणी नसताना बसण्यात त्यांनाही राम वाटला नाही. मातीचं शेत तसंच राहिलं.

"आई," पोरगी माझा पदर ओढत हळूच म्हणाली, "मी मोठ्यानं बोलले ना?"

मी तिचे मातीचे हात पदराला पुसले.

संध्याकाळी मी रडवेली होऊन ताईंकडं गेले. गट मोडला म्हणून सांगितलं, सगळं सांगितलं. ताई पोळीचं पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"सगळी वाक्यं बोलली? न अडखळता?"

"ताई, ती शिव्या देत होती."

"ते कळलं हो. पण बोलली ना! हातवाऱ्यांसकट?" आणि ताई एवढ्या खूश झाल्या की मला त्यांच्या डोक्याची काळजी वाटली.

पुढच्या आठवड्याला निंबाखाली कुणी आलं नाही. टाकीकडं दोघी आल्या आणि लवकर गेल्या. पोरगी परत गप्प. आता तर मला वाटायला लागलं, न बोललेलीच बरी.

मेळाव्याच्या सकाळी शाळेला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. पोरांची फेरी निघाली, पुढं हलगी. दारातच रंगात हात बुडवून प्रत्येक पोराचा पंजा कागदावर उमटवत होते. माझ्या पोरीनं निळा रंग घेतला. व्हरांड्यात टेबलं मांडलेली, एकेका टेबलावर एकेक खेळ, आणि टेबलामागं गावातल्याच आया, आज्या. दोरीवरच्या उड्या झाल्या. दाण्यांची वाटणी झाली. चित्राच्या टेबलाशी आलो आणि मी मान वर केली.

टेबलामागं वरच्या काकू बसल्या होत्या. नवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, छातीला कागदी बिल्ला.

पळून जावं असं वाटलं. पण रांगेत मागं लोक होते. काकूंनी चित्र पुढं सरकवलं. त्यात शेत, विहीर, एक शेळी, झाडाखाली पोरं.

"सांग, काय दिसतंय."

पोरीनं ओठ आत ओढले. मागं कुणीतरी खाकरलं. बाजूच्या टेबलावरून खालच्या काकू मान लांब करून बघत होत्या.

काकू टेबलावर वाकल्या, पोरीच्या तोंडाजवळ. "ए शेडवाले. तुझ्या तोंडाला कुलूप न्हाई, मला ठावं हाय. समद्या वस्तीला ठावं हाय." आजूबाजूला खसखस पिकली. "बोल. काय बी बोल. फकस्त त्येवढं सोडून बोल."

मी काकूंच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या हसत नव्हत्या, पण रागही नव्हता. लाजल्या होत्या. एवढी मोठी बाई एका पोरीपुढं लाजली होती.

पोरीनं शेळीवर बोट ठेवलं. आधी आवाज आला नाही, नुसती हवा. मग आला.

"ही शेळी त्या शेतात चालली. त्या शेतातली काकू वरडनार हाय."

"वरडनारच की. म्होरं?"

"मग शेळी म्हणाली, मी थोडंच खाते."

"आन काकू काय म्हनली?"

पोरगी थांबली. सगळ्या व्हरांड्यानं माना वळवल्या. माझ्या डोळ्यांपुढं तो कमरेवरचा हात आला.

"काकू म्हणाली, खा, पण पोरांना दूध दे."

वरच्या काकूंनी चित्र उचलून बाजूला ठेवलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. पदरानं नाक पुसलं ते मी पाहिलं. खालच्या काकूंनीही पाहिलं असावं, कारण त्या एकदम आपल्या टेबलावरचे दाणे सारखे करायला लागल्या. त्या दोघी तेव्हाही बोलल्या नाहीत. आजही बांधावर बोलतात ते भांडायलाच, फक्त आधी आमच्या पायरीकडं बघून घेतात.

शेवटी हेडगुरुजी आले. मी हात जोडले.

"गुरुजी, पास झाली ना?"

"कशात?"

"पहिलीत घ्याल ना तिला?"

गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना उद्या सूर्य उगवेल का असं विचारलं होतं. "अहो, वय झालं की घ्यायचंच असतं. न बोलणारं पोरही घ्यायचं. हा मेळावा आहे, परीक्षा नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी ताईंकडं वळले. "तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?" ताई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं 'बोलेल ना, बोलेल ना' म्हणत होता."

महिनाभर जेवण गोड लागलं नव्हतं, पोरीला मी केस विंचरतानासुद्धा सोडलं नव्हतं, आणि ज्याची भीती होती ते मुळात नव्हतंच. ताईंचा हात मी धरला, सोडला, परत धरला. आभार मानायचे होते, ते राहूनच गेलं. शेजारी पहिलीचा वर्ग उघडा होता. मी आत जाऊन पहिल्या बाकावर बसले. माझे गुडघे त्या बाकात मावेनात. फळ्यावर खडूनं मोठं फूल काढलेलं होतं. सहावीनंतर मी वर्गातल्या बाकावर बसले नव्हते, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

पोरगी दारात आली. हात अजून निळा होता. तिनं मला पाहिलं, बाकाला पाहिलं, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आई, ऊठ की. तिथं मी बसणार हाय."